उजवीकडचं काळीज

रोज सकाळी चहाच्या आधी माझी बायको सुजाता मला पलंगावर पालथं झोपवते. पोटाखाली दोन उशा, डोकं खाली. मग दोन्ही हातांचे पंजे खोलगट करून ती माझ्या पाठीवर दहा मिनिटं बडवते, म्हणजे छातीतला कफ सुटतो. पहिल्या दिवशी आवाज ऐकून शेजारची मावशी धावत आली. सुजाता हात न थांबवता म्हणाली, "काय न्हाय मावशी, सात वर्षांचं उट्टं काढतेय." मावशी हसली, मीपण हसलो आणि हसता हसता खोकलो. पण सुजाता पूर्ण चेष्टा करत नव्हती, हे मला ठाऊक होतं.

मी लिहिणारा माणूस नाही. तरी हे लिहितोय, कारण मूल होत नाही म्हणून बायकोला दवाखान्यातून दवाखान्यात फिरवणारा आणि स्वतः बाहेर चहाच्या टपरीवर उभा राहणारा एखादा तरी माणूस हे वाचेल. मी त्या टपरीवर सात वर्षं उभा होतो.

मला काय झालंय?

मी मुरूमचा. सतरा वर्षं झाली, उमरग्यात एका एक्सरे सेंटरवर काम करतो. गावात मला फोटोवाला मिलिंद म्हणतात. खोकला मला समजायला लागल्यापासून आहे. नाक कायम भरलेलं, कान फुटायचा, शाळेत शेंबड्या हे नाव पडलेलं. एकदा टीबीच्या गोळ्यासुद्धा सहा महिने खाल्ल्या, टीबी नसताना. माय म्हणायची, "ह्येचं अंगच तसलं हाय," आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायची.

आमच्या भागात मामाची पोरगी करायची रीत. माझ्या बापानं तेच केलं, म्हणजे माझे आई-वडील सख्खी आते-मामेभावंडं. माझ्या वेळी मात्र नात्यातली दोन स्थळं घरी चालून आली आणि मायनं दोन्ही परतवली. लोक म्हणाले, लेक नोकरीला लागला तर बाईला गर्व चढला. मग माकणीची सुजाता आली. तिचं-आमचं कसलंच नातं नाही.

लग्नानंतर दोन वर्षांनी दवाखाना सुरू झाला. सुजाताची फाईल फुगत गेली. नळ्या मोकळ्या, पिशवी चांगली, रक्त चांगलं. तरी गोळ्या, तरी इंजेक्शनं. उमरग्याच्या डॉक्टरनं दोनदा सांगितलं, नवऱ्याची तपासणी करून घ्या. दुसऱ्या वेळी मी त्याच्याशी भांडलोच. मला काय झालंय? मिसरूड आहे, आवाज आहे, पोत्याचं ओझं उचलतो. असली अक्कल मी तिथं पाजळली, आणि सुजाता खाली बघत बसून राहिली.

शेवटी मायनं सुजाताच्या भावाला निरोप धाडला. तिला थोडे दिवस माकणीला घेऊन जा म्हणून. थोडे दिवस म्हणजे काय, ते आमच्याकडं लहान पोराला पण कळतं. रविवारी भाऊ येणार होता. सुजाता वाळलेले कपडे घड्या करत होती. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "जाते. पर आधी तुमी एकदा तपासून घ्या. मग धाडा." बुधवारी आम्ही सोलापूरची एसटी धरली.

सोलापूर

नमुना द्यायच्या खोलीचं वर्णन करत नाही. कडी नीट लागत नव्हती, एवढंच सांगतो. ज्याला जायचंय त्यानं मनाची तयारी ठेवून जावं आणि लाजू नये, तिथल्या लोकांना त्यात काही नवल नसतं. बाहेर बाकांवर बायका मांडीवर जाड फायली घेऊन बसलेल्या, आणि त्यांचे नवरे मोबाईलमध्ये तोंड खुपसून. माझ्या हातात एकच कागद होता.

तासाभरानं लॅबमधल्या ताईंनी मला आत बोलावलं. एक्सरेवाला आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं, याला दाखवायला हरकत नाही. मला वाटलं होतं, सूक्ष्मदर्शकाखाली काहीच नसेल. डोळा लावला तर भरपूर होते. डोकं, शेपूट, सगळं नीट. पण एकही हलत नव्हता. भरल्या बाजारात सगळी माणसं एकदम जागच्या जागी थांबावीत, तसं ते दिसत होतं.

"मेलेत का, ताई?"

"नाय ओ. रंग घालून बघितलंय की मी. जिवंत हायत सगळी. नुसतं हलत नायत."

मी परत डोळा लावला. कितीतरी वेळ. आपलंच काहीतरी आपल्याकडं बघत थांबलंय असं वाटायला लागलं. ताईंनी हळूच खांद्याला हात लावून मला बाजूला केलं आणि स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्या पाण्याची मला अजून आठवण येते.

डॉक्टर बाई वयस्कर होत्या. त्यांनी मुलाबाळाचं काहीच विचारलं नाही. खोकला कधीपासून, नाक कधीपासून, कान फुटलाय का, हेच विचारत राहिल्या. मला राग येत होता, मी काय सर्दीसाठी आलोय का? मग त्यांनी छातीला नळी लावली. डावीकडं. थांबल्या. थोडी सरकवली, परत थांबल्या. कानातली काढून बघितली, पुन्हा घातली. मग उजवीकडं लावली आणि बराच वेळ तिथंच ठेवली. खोलीत पंख्याचा आवाज फक्त.

"तुम्हाला याआधी कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

त्यांनी उलट विचारलं, "छातीचा एक्सरे काढलाय कधी?"

"मॅडम, मी एक्सरेच काढतो."

"स्वतःचा?"

"निघालाय. साफ आहे. घरी आहे अजून."

"तो शोधा. आज इथं नवा काढू."

तिथला टेक्निशियन माझ्यापेक्षा लहान. त्यानं फोटो घेतला, संगणकात बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, परत घ्यावा लागतोय जरा." हे वाक्य मी हजार माणसांना म्हटलंय. चित्र उलटं आलंय असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्यांदा तसंच आलं. तिसऱ्यांदा त्यानं उजवी बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर माझ्या उजव्या खांद्याजवळ चिकटवलं, आणि मग सरळ बाईंना बोलवायला गेला.

माझं काळीज उजवीकडं आहे. लिव्हर डावीकडं. आतलं एकूण एक उलट्या बाजूला, आरशात बघितल्यासारखं, आणि तरी व्यवस्थित चाललेलं.

बाईंनी जे सांगितलं ते मला समजलं तेवढंच सांगतो. नाकात, फुप्फुसात बारीक केसांसारखं काहीतरी असतं, ते सतत हलून घाण बाहेर लोटतं. माझे ते केस हलत नाहीत. बीजाची शेपूटही त्याच घडणीची, म्हणून तीही हलत नाही. आणि आईच्या पोटात बाळाचं काळीज कुठल्या बाजूला जाणार, हेसुद्धा असलेच केस हलून ठरवतात. ते हलले नाहीत तर बाजू नशिबावर. आजाराचं नाव प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया. दोष आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही, दोन्ही मिळाले की आजार होतो. नात्यात लग्न असलं की हे दोन जास्त वेळा भेटतात.

"आई-वडील नात्यातले?"

"वडिलांनी मामाची मुलगी केली होती."

"भावंडं?"

"मी एकटाच."

मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

रक्त तपासणीला गेलं आणि काही आठवड्यांनी बाईंचं म्हणणं खरं निघालं. एकच बीज उचलून स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत आहे, त्यातून मूल होऊ शकतं, असं त्यांनी सांगितलंय. त्याचं काय करायचं ते आमचं अजून ठरलेलं नाही. त्या दिवशी सुजातानं हे सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हंजे माझ्यात काय न्हाय?"

"तुमच्यात काहीसुद्धा नाही," बाई म्हणाल्या.

सुजातानं फाईल पिशवीत घातली. एसटीत बसल्यावर नळदुर्ग यायच्या आत ती झोपली. एसटीत झोपलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

जुनी फिल्म

आता माझा गुन्हा सांगतो.

मी काम शिकलो रशीदभाईंच्या हाताखाली. माणूस देवासारखा, पण शिकवण जुनी. फिल्मवर उजवी बाजू कळावी म्हणून शिशाचं आर अक्षर ठेवायचं असतं, आर म्हणजे राईट. ते अक्षर कायम हरवायचं. रशीदभाई म्हणायचे, "फिकर नक्को कर रे. काळीज कधी चुकतं का? काळीज डाव्या अंगाला येईल अशी फिल्म धर, उरलेल्या बाजूला पेनानं आर लिव." फिल्म पारदर्शक, दोन्हीकडून सारखीच दिसते. आम्ही वर्षानुवर्षं असंच लिहिलं. पुढं संगणक आला, तेव्हा चित्र उलटं दिसलं की एक बटण दाबायचं, सरळ होतं. तेही मी दाबत आलो.

माझ्या खोकल्यासाठी रशीदभाईंनीच एकदा माझी फिल्म काढली होती. धुतली मी, वाळवली मी, आर लिहिला मी.

सोलापूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ती फिल्म पेटीतून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. अगदी साफ, पुस्तकातल्यासारखी. काळीज डावीकडं. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात आर.

मग गळ्याजवळचं हाड दिसलं. नऊ वर्षांचा असताना चिंचेवरून पडून माझं उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, ते गाठ घेऊन जुळलं. अजून बोटाला लागते ती गाठ. फिल्ममध्ये आर लिहिलेल्या बाजूचं हाड सरळ होतं. गाठ दुसरीकडं.

माझा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. गाठ तिथंच होती. म्हणजे डार्करूमच्या लाल उजेडात माझं उजवीकडचं काळीज माझ्या हातात होतं, आणि मी ते उलटं करून बरोबर केलं होतं. माझ्याच हातानं.

मी खाटेवर बसलो. डावीकडं पंजा ठेवला. काही नाही. उजवीकडं ठेवला तर तिथं ते चाललं होतं, आपलं आपलं. एक्सरेच्या कोर्सला पहिल्या वर्षी वर्गात सरांनी सगळ्यांना डावीकडं हात ठेवून ठोके मोजायला सांगितले होते. मला तेव्हा ठोके लागले होते, मी आकडासुद्धा सांगितला होता. जे शिकवलं तेच हाताला लागतं, दुसरं काय? आणखी किती जणांचं मी असं सरळ करून दिलंय, हा विचार आला. कदाचित एकाचंही नसेल. पण मला ते कधीच कळणार नाही. आता शिशाचं अक्षर माझ्या खिशात असतं आणि बटणाला मी हात लावत नाही.

रविवार

सुजाताचा भाऊ विकास दहा वाजता आला. तिची बॅग दारात भरून ठेवलेली. मायनं चहा टाकला. मी दोन्ही फिल्मा घेऊन बसलो आणि सांगायला सुरुवात केली की दोष सुजातात नाही, माझ्यात आहे, माझं काळीज…

"ठेव त्ये," माय म्हणाली. "मला ठाऊक हाय."

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

"उजव्या अंगाला हाय. मला ठाऊक हाय, मिलिंदा. तुझ्या आधी एक हुता."

माझे वडील, आता ते नाहीत, रेल्वेत गँगमन होते, तेव्हा ते दोघं येडशीला राहायचे. तिथं तिला पहिला मुलगा झाला होता. सदतीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"जन्मल्यापासनं त्येची छाती वाजायची. पाजताना त्येचं काळीज ह्या हाताखाली लागायचं, उजवीकडं. सुईण म्हणली, असलं लेकरू उलट्या अंगाचं असतंय, कुणाला बोलू नगं, बोललं की जातंय. चार महिनं म्या बोलले न्हाय. मग राहवलं न्हाय, तुझ्या बापाला सांगितलं. तिसऱ्या दिशी लेकरू गेलं." ती चहाकडंच बघत होती. "मग तू आलास. तुझंबी तिथंच. मग म्या बोललेच न्हाय."

मला आठवलं. मी बराच मोठा होईपर्यंत दुपारी झोपलो की तिचा हात माझ्या छातीवर असायचा. मला ती माया वाटायची. ती रोज तपासत होती.

"म्हणून नात्यातली नको म्हणलीस?"

"व्हय. मनात यायचं काय काय."

सुजाता दाराला टेकून उभी होती. ती अगदी हळू बोलली. "आत्याबाई, मी गोळ्या खात हुते, तवा तुमी समोर बसून बघत हुता. सुया टोचून दंड काळा पडला, तेल तुमीच लावलंत."

"काळजाचा अन् लेकराचा काय संबंध, मला अडाणीला काय म्हाईत? पर मनात यायचं, खोटं कशाला बोलू. सांगितलं आन ह्यो गेला तर?"

मला मायची दया आली आणि तिचा संताप पण आला, दोन्ही एकदम, त्यातलं एकही मला टाकता येईना. गप्प राहून तिनं मला जगवलं असं तिला वाटत होतं, आणि त्याची किंमत सुजाता भरत होती. मी तर असलं काही न मानणारा माणूस, आणि मीही ती भरू दिली होती.

सुजातानं बॅग उचलली. मी आडवा झालो. "आता कशाला जातेस? कळलं न्हवं सगळ्यांना."

"निरोप धाडला हुता न्हवं? मग जाते," ती म्हणाली आणि विकासच्या मोटरसायकलवर बसली.

तिसरा दिवस

सोमवारी माय शेतात गेली नाही. मंगळवारी पण नाही. बुधवारी सकाळपासून ती माझ्यासमोर येऊन बसली. मला कामावर जाऊ दिलं नाही आणि मी पण फार हट्ट केला नाही. ती काय मोजत होती ते मला कळत होतं. तिनं तोंड उघडलं होतं आणि आज तिसरा दिवस होता.

मी शिकलेला. बाईंनी केस, शेपूट, रक्त सगळं समजावलेलं. तरी त्या दिवशी मी भाकरी न मोडताच ताटावरून उठलो. खोकला आला की मायचे डोळे माझ्या छातीवर, आणि माझा हातही तिथंच. येडशीच्या त्या बाळाचं नाव काय होतं, हे विचारायचं धाडस होत नव्हतं. घरात आम्ही दोघंच होतो, पण तिसरं कुणीतरी पडून राहिल्यासारखं मला सारखं वाटत होतं. उन्हं उतरली. दिवस मावळला. मायनं उठून दिवाबत्ती केली, बुद्धाच्या फोटोपुढं हात जोडले आणि मग जमिनीवर बसून रडली. मी तिला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. पुष्कळ वेळानं म्हणाली, "आनंद. त्येचं नाव आनंद ठेवलं हुतं."

गुरुवारी सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं. "चल माकणीला."

माकणी

सुजाताच्या आईनं आम्हाला बघून पदर सावरला, पण या म्हणाली नाही. बरोबरच होतं तिचं. घराघरांतल्या बायका आपापल्या दारात आल्या. सून धाडून दिली आणि चार दिवसांत सासू दारात, हे बघायला कोण येणार नाही? सुजाता आत शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

माय अंगणात उभ्या उभ्याच बोलायला लागली. आवाज मोठा, सगळ्यांना जाईल असा. "इहीणबाई, तुमच्या पोरीत काय न्हाय. आजार माझ्या लेकात हाय. माझ्या अन् त्येच्या बापाच्या रगतातनं आलाय. मला ठाऊक हुतं, सात वर्षं म्या गप बसले अन् हिला बोल खाऊ दिला." मग तिनं सुजाताच्या आईचा हात धरला आणि माझ्या छातीवर ठेवला, डावीकडं. "हितं बघा." थोडा वेळ थांबून तोच हात तिनं उजवीकडं नेला. "आता हितं."

ठोका लागला तसा सुजाताच्या आईनं हात झटकन मागं घेतला, पदराला पुसला, आणि माझ्याकडं असं बघितलं की मला स्वतःचीच भीती वाटली. दारातल्या बायकांतली एक म्हातारी पुढं आली, तिनंही हात लावून बघितला आणि मागं जाऊन उभी राहिली.

मग सुजाताची आई मटकन ओट्यावर बसली. "माझ्या पोरीत काय न्हाय," ती म्हणाली. आधी स्वतःशी, मग दारातल्या बायकांकडं तोंड करून, मग पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडू फुटलं.

सुजाता शेंगांचं सूप बाजूला ठेवून बाहेर आली. तिनं मायला पाण्याचा तांब्या दिला आणि मला पण दिला. मी म्हणालो, "चल, बॅग आण."

"आज न्हाय येत," ती म्हणाली. "सात वर्षांत हितं एकदाबी धड राहिले न्हाय. दोन दिस झालं की बाया विचारायच्या, कवा जाणार? आता राहते चांगली आठ दिस."

आम्ही मायलेक चहा घेऊन निघालो. फाट्याकडं वळलो तेव्हा मागून तिचा आवाज ऐकू येत होता. कुठल्यातरी बाईला ती मोठ्यानं सांगत होती, सूप रिकामं होत आलंय, आणखी शेंगा आण.